पंचेचाळीस अक्षरांचे दोन शब्द

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेबस्टर नावाचं गाव आहे आणि गावाला लागून एक तळं आहे. तळ्याचं पूर्ण नाव असं : चारगॉगागॉगमॅनचॉगागॉगचॉबनागंगामॉग. इंग्रजी लिपीत त्याची ४५ अक्षरं होतात. २००९ साली तिथल्या वर्तमानपत्राने दाखवून दिलं, की तळ्याकडे नेणाऱ्या पाट्यांवर गावाने स्वतःच्याच तळ्याचं नाव चुकवलं आहे. विसाव्या जागी ‘यू’ हवा तिथे ‘ओ’ होता आणि अडतिसाव्या जागी ‘एन’ हवा तिथे ‘एच’. इंग्रजीत ४५ अक्षरांचा आणखी एक शब्द प्रसिद्ध आहे : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे आत जाऊन होणारा फुप्फुसाचा विकार, असा त्याचा अर्थ. हा शब्द मात्र अमेरिकेतली शाळकरी पोरं एका दमात, न अडखळता लिहून दाखवतात. अक्षरं दोन्हींत सारखीच. एकात रंगाऱ्याचा हात चुकतो आणि दुसऱ्यात बारा वर्षांच्या मुलाचा चुकत नाही, याचं कारण काय?

दुसरा शब्द सांध्यांवर सुटतो, हे कारण. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रा म्हणजे पलीकडचं, मायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसणारं, मग सिलिका, मग ज्वालामुखी आणि शेवटी ग्रीकमधल्या धुळीच्या शब्दावरून आलेला रोगवाचक प्रत्यय. सहा तुकडे, सहा अर्थ. ४५ अक्षरं कुणी लक्षात ठेवत नाही, सहा गोष्टी ठेवतात. तळ्याच्या नावाचे सांधे निपमक या मूलनिवासी भाषेत आहेत आणि ती भाषा आजच्या पाटी रंगवणाऱ्याला येत नाही. ‘सीमेवरची मासेमारीची जागा’ असा त्यातल्या शेवटच्या भागाचा मूळ आशय सांगतात. लोकांच्या तोंडी मात्र वेगळाच अर्थ बसला आहे : तुम्ही तुमच्या काठाला मासे धरा, आम्ही आमच्या काठाला धरतो, मधल्या पाण्यात कुणीच जाळं टाकायचं नाही. हा अर्थ १९२०च्या दशकात लॉरेन्स डेली नावाच्या स्थानिक संपादकाने गमतीत रचला होता. गंमत खरी मानली गेली, कारण एवढ्या लांबीचा शब्द अर्थावाचून नुसता वागवणं माणसाला जमत नाही. खरा अर्थ हाताशी नसेल तर तो खोटा तयार करतो.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे, की लांब शब्द आणि त्याचा अर्थ ही जोडी फोडता येत नाही. अमेरिका हा शब्दखेळांचा देश आहे. शब्दकोडं तिथे जन्मलं, स्क्रॅबल तिथे जन्मलं, आणि स्पेलिंग पाठ म्हणण्याचा सामना दूरचित्रवाणीवर दाखवण्याची कल्पनाही त्यांचीच. या खेळांकडे बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, की इथे शब्द म्हणजे नुसती अक्षरांची माळ, अर्थाशी कुणाला देणंघेणं नाही. खेळ आतून पाहिले तर उलटं दिसतं. ज्या खेळाने अर्थाला रजा दिली, तिथून लांब शब्दही निघून गेला. जिथे लांब शब्द टिकून आहे, तिथे अर्थ मागच्या दाराने का होईना, आत आलेलाच आहे.

लांब शब्दांना इंग्रजीत एक जुनं विशेषण आहे, ‘सेस्क्विपिडेलियन’. शब्दशः अर्थ ‘दीड फुटी’. रोमन कवी होरेसने फुगीर शब्दांची चेष्टा करताना वापरलेल्या लॅटिन शब्दावरून ते आलं. फुप्फुसाच्या विकाराचा तो दीड फुटी शब्द वैद्यांनी घडवलेला नाही, शब्दखेळाडूंनी घडवला. १८८३ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल पझलर्स लीग’ या कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी न्यूयॉर्कच्या बैठकीत तो मांडला आणि २३ फेब्रुवारी १९३५च्या ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ने छापला. चारच वर्षांत वेबस्टरच्या मोठ्या कोशाच्या पुरवणीने त्याला आत घेतलं. ऑक्सफर्डच्या कोशानेही पुढे घेतला, पण हा मुद्दाम रचलेला शब्द आहे अशी शेरेवजा नोंद करून. केवळ लांबीसाठी रचलेला शब्द म्हणून याच्याइतका शुद्ध नमुना नाही. तरीही रचणाऱ्याला तो अर्थाचेच तुकडे जोडून रचावा लागला. ४५ अक्षरं नुसती ओळीने ठेवली असती तर कुठल्या कोशाने त्याला दारात उभं केलं असतं? आणि त्या तुकड्यांतला सिलिका काही काल्पनिक नव्हता. वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली ब्रिज गावाजवळ १९३० साली हॉक्स नेस्ट बोगद्याचं काम सुरू झालं होतं. त्या खडकातली सिलिकाची धूळ छातीत भरून शेकडो मजूर मेले, त्यांतले बहुतेक काम शोधत आलेले कृष्णवर्णीय होते. जानेवारी १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याची सुनावणी झाली. कोडेप्रेमींच्या मनात तो बोगदा होता असा दावा मी करत नाही. पण सिलिकोसिस हा त्या वर्षांत वर्तमानपत्रांतला शब्द होता, आणि गंमत म्हणून जोडलेल्या शब्दाच्या पोटात मरणाचं कारण होतं, एवढं खरं. जाता जाता, देवनागरीत हा शब्द लिहिला तर अक्षरं भरतात २२ आणि त्यातलं कोडंच संपतं. आरंभीचा न बोलला जाणारा ‘पी’ आपल्या लिपीत उरत नाही. जसं म्हणाल तसं लिहा, मग पैज कसली लावणार?

इंग्रजीला पैज लावता येते, कारण तिथे उच्चार आणि लेखन यांचं फारसं पटत नाही. नोआ वेबस्टरने १७८३ साली काढलेलं स्पेलिंगचं पुस्तक निळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीत पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकी शाळांत चाललं. नवं राष्ट्र एका तऱ्हेने लिहील तर एका तऱ्हेने बोलेल, ही त्यामागची आकांक्षा. गावोगावच्या शाळांत संध्याकाळी मोठी माणसं जमून स्पेलिंगचे सामने लावू लागली आणि १९२५ साली वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय सामना सुरू झाला. पहिला विजेता फ्रँक न्यूहाउसर, शेवटचा शब्द ‘ग्लॅडिओलस’. आज हा सामना स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी म्हणून ओळखला जातो. मराठीत असा सामना भरवायचा म्हटलं तर ऱ्हस्व-दीर्घ आणि श-ष एवढ्यावरच भरवावा लागेल. पण तिथेही एक मजेदार साम्य सापडतं. ‘वीस’मधला वी दीर्घ आणि ‘विष’मधला वि ऱ्हस्व का? ‘सून’ दीर्घ आणि ‘गुण’ ऱ्हस्व का? कारण विष आणि गुण तत्सम आहेत, संस्कृतातून जसेच्या तसे आले आहेत. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी मराठी मुलाला न सांगता हाच प्रश्न विचारायला लावला आहे, की हा शब्द आला कुठून? अमेरिकेतलं मूल मंचावर उभं राहून हाच प्रश्न मोठ्याने विचारतं.

हा प्रश्न विचारण्याची त्याला नियमानेच मुभा आहे. शब्द ऐकल्यावर स्पर्धक अर्थ विचारू शकतो, मूळ भाषा विचारू शकतो, शब्दाची जात, वाक्यातला उपयोग, पर्यायी उच्चार विचारू शकतो. अमुक अर्थाचा अमुक धातू यात आहे का, हेसुद्धा विचारू शकतो. २००३पासून शब्द उच्चारून देणारे जॅक बेली हे व्हरमाँट विद्यापीठात ग्रीक-लॅटिन शिकवणारे प्राध्यापक आणि १९८०चे स्वतः विजेते. मंचावरची ती प्रश्नोत्तरं ऐकली तर एखाद्या पाठशाळेत समासाचा विग्रह चालला आहे असं वाटावं. २०२३ साली देव शाहला अखेरचा शब्द आला ‘सॅमोफाइल’, म्हणजे वाळूत वाढणारा जीव. लिहिताना आरंभी मुका ‘पी’ आणि मध्ये दोन ‘एम’. त्याने ग्रीकमधला वाळूवाचक धातू यात आहे ना, एवढं विचारून घेतलं. तो धातू कळल्यावर ११ अक्षरांत चुकायला जागा राहिली नाही. २०१५च्या दोन विजेत्यांपैकी वान्या शिवशंकरचा शब्द ‘शेरेनश्निटे’ १५ अक्षरांचा, जर्मन, कागद कातरून नक्षी काढण्याची कला. कात्री आणि काप, अशा दोन साध्या जर्मन शब्दांची ती जोडी आहे. याउलट मुलं ज्यांवर घसरतात ते शब्द पाहा. २०२५चा उपविजेता कॅलिफोर्नियातल्या व्हायसेलियाचा सर्वज्ञ कदम. तो अडला ‘वाउपेस’वर, ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या एका नदीच्या नावावर. इंग्रजीत उणीपुरी सहा अक्षरं. धातू नाही, प्रत्यय नाही, सांधा नाही, हात टेकायला जागाच नाही. तळ्याच्या पाटीवरचा रंगारी चुकला तो याच कारणाने. खुद्द त्या मुलाच्या नावाचं स्पेलिंग मात्र विलक्षण बोलकं आहे. ‘ज्ञ’साठी तिथे डी-एन-वाय अशी अक्षरं आहेत. हिंदीभाषकाने तिथे जी-वाय लिहिलं असतं, गुजरात्याने जी-एन. तीन अक्षरांवरून मूळ भाषा सांगता येणं यालाच त्या मंचावर विद्या म्हणतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ही सगळी घोकंपट्टी आहे. भारतीय वंशाची मुलं जिंकू लागल्यापासून तो विशेष जोराने घेतला जातो. १९८५ साली बालू नटराजन हा पहिला भारतीय वंशाचा विजेता ठरला. २००८पासून २०१९पर्यंत एकही वर्ष असं गेलं नाही, की विजेत्यांत भारतीय नाव नव्हतं. २०१९ साली २० फेऱ्या झाल्या, मध्यरात्र झाली, आणि आयोजकांना मंचावरूनच कबूल करावं लागलं की आता अवघड शब्द उरले नाहीत. आठ मुलांना एकत्र विजेते ठरवलं गेलं, त्यांतली सात भारतीय वंशाची. डॅलसचा सोहम सुखटणकर त्यांत होता. लंबगोल, लोलकासारख्या हिऱ्याला म्हणतात तो ‘पेंडलोक’ हा फ्रेंच शब्द त्याने शेवटी सोडवला. तेव्हा आक्षेप खोटा आहे असं मी म्हणणार नाही, पाठांतर आहेच. पण पाठांतराने किती गड सर होतो याचा हिशोब करून पाहावा. सामन्याचा आधार असलेल्या मरियम-वेबस्टरच्या बृहत्कोशात ४,७०,००० नोंदी आहेत. आठवीपर्यंतच्या मुलाने त्या सगळ्या एकेक करून पाठ करायच्या म्हटलं तर शाळा, जेवण, झोप सगळं सोडावं लागेल. त्याऐवजी ग्रीक धातू, फ्रेंच शेवट, जर्मन जोडाक्षरं आणि इटालियन दुहेरी व्यंजनं शिकली तर कधी न पाहिलेला शब्दही लिहिता येतो. पाठ करायचे ते अर्थाचे तुकडे, शब्द नव्हेत. आपल्याकडे रूपावली पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला कुणी पोपट म्हणत नसे, कारण रूपावली ही न वाचलेलं वाचण्यासाठी असते हे ठाऊक होतं.

आयोजकांनाही हे अखेर उघड लिहावं लागलं. २०१३ साली संगणकावरच्या चाचणीत शब्दार्थाचे प्रश्न आले. त्या वेळी अनेकांनी नाकं मुरडली. स्पेलिंगच्या सामन्यात अर्थ विचारणं म्हणजे धावण्याच्या शर्यतीत बुटाचा कारखाना विचारण्यासारखं आहे, असा एकंदर सूर होता. २०२१मध्ये तर मंचावरच अर्थाची फेरी सुरू झाली आणि अर्थ चुकला तर मूल बाद होऊ लागलं. आठ विजेत्यांच्या रात्रीनंतर आयोजकांना मुलांना गाळण्यासाठी नवी चाळण हवी होती, हे त्यामागचं व्यावहारिक कारण मला दिसतं. पण चाळण म्हणून अर्थच सापडावा यात नवल नाही. भारतीय कुटुंबांनी तर ही वाट आधीच धरली होती. १९८९ साली सुरू झालेल्या नॉर्थ साउथ फाउंडेशनच्या स्पर्धांत स्पेलिंगच्या शेजारी शब्दार्थाची स्वतंत्र स्पर्धा असते आणि तिथे तयार झालेली मुलं पुढे मोठ्या मंचावर दिसतात.

भारतीय वंशाची मुलं एवढी का जिंकतात, याचं आपल्याला गोड वाटणारं एक उत्तर भारतात फिरत असतं : वेदपठणाची परंपरा, मौखिक संस्कृती, संस्कृतचं रक्त. ऐकायला बरं, पण पुराव्यावर टिकत नाही. परंपरा रक्तात असती तर तिचा प्रताप पुणे-नाशिकच्या शाळांतही दिसायला हवा होता. दिसतो तो टेक्सास आणि कॅलिफोर्नियात. १९६५च्या कायद्याने अमेरिकेने दार उघडलं ते मुख्यतः शिकलेल्यांना, आणि १९९०नंतर संगणकवाले अभियंते मोठ्या संख्येने गेले. म्हणजे परीक्षा देऊन वर आलेली माणसं गाळून तिथे पोचली आणि त्यांनी मुलांना जे साधलं तेच शिकवलं. शनिवार-रविवार मोकळे ठेवणं, मोठ्या भावाने धाकटीला शब्द विचारणं, गेल्या वर्षीच्या विजेत्याने पुढच्याला शिकवणं, अशी ती सगळी जुळणी आहे. मानववंशशास्त्रज्ञ शालिनी शंकर यांनी ‘बीलाइन’ या २०१९च्या पुस्तकात या कुटुंबांचा अभ्यास मांडला आहे. संस्कृतचा उपयोग झालाच असेल तर इतकाच, की लांब शब्द दिसला की घाबरायचं नाही, फोडायचा, ही सवय घरात अपरिचित नव्हती. ‘किंकर्तव्यमूढ’ हा शब्द मराठी माणूस अक्षरं मोजत वाचत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो एका माणसाच्या रूपाने उभा आहे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. अमेरिकेची राष्ट्रीय स्क्रॅबल स्पर्धा त्याने अनेकदा जिंकली. २०१५ साली तो फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. सुमारे नऊ आठवड्यांत त्याने फ्रेंच शब्दयादी डोक्यात उतरवली होती. २०२४ साली ग्रानादात त्याने हाच पराक्रम स्पॅनिशमध्ये केला. मग अर्थ कुठे गेला? गेलाच, हे मान्य करायला हवं. पण त्याच्याबरोबर लांब शब्दही गेला, ते कुणी मोजत नाही. स्क्रॅबल घडवला मंदीच्या काळात काम गमावलेल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुरचनाकाराने, १९३०च्या दशकात, वर्तमानपत्राच्या पानावर कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजून. हाताशी सात अक्षरं, पट १५ घरांचा. खेळाडूंसाठी निघालेल्या मरियम-वेबस्टरच्या अधिकृत कोशात मूळ शब्द आठ अक्षरांपर्यंतच घेतलेले असतात. पुढच्यांसाठी वेगळी यादी आहे, नुसती यादी, अर्थाविना. स्पर्धांसाठी १९९८ साली निघालेल्या पुस्तकात तर कुठल्याच शब्दापुढे अर्थ नाही. पटाचा राजा कोण, तर दोन अक्षरांचे शब्द. चिनी ‘ची’ क्यू-आय असं लिहून २००६मध्ये अमेरिकी यादीत घेतला तेव्हा खेळाडूंना घबाड मिळाल्यासारखं झालं. पटावर पूर्ण १५ अक्षरं मांडून १,७७८ गुण मिळवून देणारा ‘ऑक्सिफेनब्युटाझोन’ हा औषधाचं नाव असलेला शब्द कागदावर शोधला गेला आहे खरा, पण तो कागदावरचाच विक्रम.

खऱ्या पटावरचा अमेरिकेतला विक्रम आठ अक्षरांचा आहे. १२ ऑक्टोबर २००६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या क्लबात मायकेल क्रेस्टा या सुताराने ‘क्विक्सॉट्री’ मांडला. अक्षरांची बेरीज २७, ‘एक्स’ दुप्पट घरावर पडला म्हणून ३५, दोन्ही टोकांच्या तिप्पट घरांमुळे नऊ पट म्हणजे ३१५, आणि सातही अक्षरं वापरल्याचे ५०. एका खेळीत ३६५ गुण. या हिशोबात, ज्याच्यावरून हा शब्द आला तो डॉन किहोते आणि त्याच्या पवनचक्क्या यांचा गुण शून्य. रिचर्ड्स ज्या खेळाचा राजा आहे त्यात अक्षरांकडून अक्षरांकडे जायचं असतं, कानाला कामच नाही. स्पेलिंगच्या मंचावर मुलाला फक्त आवाज मिळतो आणि आवाजाकडून अक्षरांकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा एकच, अर्थाचा. म्हणून रिचर्ड्सचं उदाहरण माझ्या म्हणण्याविरुद्ध जात नाही, त्याच्या बाजूने जातं. तरी स्क्रॅबललाही अर्थ पुरता हाकलता आलेला नाही. २०२० साली अमेरिकी संघटनेने वंश, धर्म, लिंग यांवरून हिणवणारे दोनशेहून जास्त शब्द यादीतून काढले. पटावर शब्द म्हणजे गुण मिळवण्याची साधनं, त्यांना अर्थ नसतो, असा युक्तिवाद अनेक मुरलेल्या खेळाडूंनी केला. तो हरला. समोर बसलेल्या माणसाला शिवी ही शिवीच ऐकू येते.

शब्दकोड्याचा प्रांत याहून वेगळा, तिथे सुरुवातच अर्थापासून होते. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं कोडं छापलं. अमेरिकी कोड्यात १५ घरांची आडवी ओळ भरायची तर कोशातला दीड फुटी शब्द क्वचितच चालतो, बोलण्यातला अख्खा वाक्प्रयोग चालतो, कारण सूचक वाचून तो लोकांना सुचायला हवा. मुंबईच्या मंगेश घोगरे यांनी ही परकी बोली दुरून शिकून घेतली. २०१२ साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय शब्दकोडे स्पर्धेत परीक्षक म्हणून गेले आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीला, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यांचं गांधींवरचं कोडं प्रसिद्ध झालं. नुसत्या शब्दयादीवर असं कोडं रचता येत नाही.

आता तिसरा आक्षेप, आणि तो मला सर्वांत टोचतो. मुलांना अर्थ ठाऊक असतो हे मान्य, पण तो कसला अर्थ? ‘सायमॉट्रिकस’ म्हणजे कुरळ्या लाटांच्या केसांचा. २०११चा हा विजयी शब्द त्यानंतर कुणी केस विंचरताना वापरला? १९५५ साली ‘सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ या कार्यक्रमात बॉल्टिमोरची १२ वर्षांची ग्लोरिया लॉकरमन ही कृष्णवर्णीय मुलगी २८ अक्षरांचा ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’ बिनचूक म्हणून गेली आणि देशभर गाजली. चर्चचं राजमान्यपद काढून घेण्याला विरोध, हा त्याचा अर्थ. ज्या देशाच्या घटनेनेच राजमान्य चर्च नाकारलं, तिथे या शब्दाला काम काय? मरियम-वेबस्टरने तो कित्येक वर्षं कोशात घेतलाच नाही, कारण लोक तो लांब म्हणून उच्चारतात, अर्थाने वापरत नाहीत. आक्षेपाचा हा भाग मी स्वीकारतो. मंचावरचा अर्थ हा बाटलीवरच्या चिठ्ठीसारखा असतो, चव त्यात नाही. फक्त चिठ्ठी वाचता येणं आणि न येणं यांत फरक आहे, आणि चिठ्ठीवर कधीकधी अख्खा प्रवास लिहिलेला असतो. २०१३ साली न्यूयॉर्कचा अरविंद महांकाळी ‘क्नेडल’ या यिडिश शब्दावर जिंकला. ज्यूंच्या घरी रश्शात सोडतात तो पिठाचा गोळा. दुसऱ्याच दिवशी यिडिशचे अभ्यासक उभे राहिले, की कोशातलं हे स्पेलिंगच आम्हाला मान्य नाही. हिब्रू लिपीतला शब्द रोमनमध्ये कसा उतरवायचा याचं ते भांडण, ‘ज्ञ’च्या भांडणाचं चुलत भावंड.

कोशात मराठीच्या चिठ्ठ्याही आहेत. इंग्रजी ‘मंगूज’ आपल्या मुंगसावरून पोर्तुगीजांच्या होडीत बसून गेलं. म्हणून त्याचं अनेकवचन ‘गूस’च्या ‘गीज’सारखं होत नाही, त्यात बदक-हंस कुठे नाहीच. ज्याने मूळ भाषा विचारली त्याला हे कळतं, ज्याने नुसता आवाज ऐकला तो ‘मंगीज’ म्हणून मोकळा होतो. ‘बमलो’ म्हणजे आपला बोंबील, ही नोंदही तिथे सापडते.

शेवटी दोन झाडं, दोन्ही आपल्या ओळखीची. २०२१ साली लुइझियानाची झैला अवांगार्द अखेरच्या शब्दाला उभी होती : ‘मराया’. तिने विचारलं, की यात मरे असं एखादं नाव आहे का, त्या विनोदी नट बिल मरेसारखं? सभागृह हसलं, पण प्रश्न नेमका होता. स्वीडिश-जर्मन वैद्य मरे यांच्या नावावरून ही वनस्पतीची प्रजाती ओळखली जाते. कुंती तिच्यातली, आणि कढीपत्ताही बराच काळ तिच्यातच गणला गेला. झैला जिंकली, त्या सामन्याची पहिली आफ्रिकी-अमेरिकी विजेती. २०२५ साली टेक्सासच्या फैजान झाकीची पाळी आली तेव्हा दोघे प्रतिस्पर्धी त्याच फेरीत चुकले होते आणि विजेतेपद हाताच्या अंतरावर होतं. शब्द आला ‘कमेलिना’. त्याने अर्थ विचारला नाही, भाषा विचारली नाही, थेट ‘के’पासून सुरुवात केली आणि तीन अक्षरांनंतर स्वतःच थबकला. शब्द ‘सी’पासून आहे, कमेलिन या डच वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावावरून. प्रतिस्पर्धीही चुकलेले असल्याने तिघे पुन्हा खेळात आले आणि पुढे झाकीच जिंकला, ‘एक्लेरसिसमाँ’ या १५ अक्षरी फ्रेंच शब्दावर. अंधुक गोष्टीचा उलगडा, असा त्याचा अर्थ, आणि स्वच्छ या अर्थाचा ‘क्लेर’ त्याच्या आत बसलेला. १५ अक्षरं त्याला सहज गेली. नऊ अक्षरांत तो अडखळला त्या कमेलिनाला आपल्याकडे केना म्हणतात. पावसाळ्यात बांधावर निळ्या फुलांचं तण माजतं, ते.